‘साभार परत’चे रडगाणे पुरे!

संमेलन कोणत्याही गावी असो, दुपारच्या जेवणानंतर चहाच्या पेल्याभोवती एकच विषय निघतो. कुणाची कथा परत आली, कुणाची कादंबरी दोन वर्षे प्रकाशकाकडे पडून राहिली, कुणाच्या कवितांना साधी पोचही मिळाली नाही. मग एखादा सुस्कारा टाकून म्हणतो, “नाव बघितले आणि बाजूला ठेवले, दुसरे काय!” सगळे माना डोलावतात, चहा संपतो, मंडळी पुढच्या सत्राला जातात. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला तीन दशके उलटून गेली. आमच्या कथा-कवितेने दरम्यान बरीच मजल मारली. ही तक्रार मात्र होती तिथेच उभी आहे.

तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. नाव बघून भुवया उंचावणारे संपादक आम्ही पाहिले आहेत. “तुम्ही तलाकवर लिहा ना, दंगलीवर लिहा ना,” असा प्रेमळ सल्ला देणारेही पाहिले आहेत. आमच्या माणसाने पावसावर, शेतीवर, बँकेतल्या नोकरीवर लिहिले की यांचा चेहरा उतरतो. हे सारे खरे आहे. पण याच्या जोडीला दुसरेही एक खरे आहे आणि ते चहाच्या पेल्याभोवती कुणी बोलत नाही. आपण जे पाठवतो, ते कसल्या अवस्थेत पाठवतो?

आम्ही काही वर्षे अशा अंकांसाठी आलेले साहित्य वाचत आलो आहोत. म्हणून हे घरातले गाऱ्हाणे घरातच मांडतो. पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेली कथा येते. मागच्या बाजूला पतसंस्थेचा ताळेबंद छापलेला असतो आणि कथा कुठे संपते, कर्ज कुठे सुरू होते, ते कळत नाही. पाने सुटी, क्रमांक नाहीत. नायिकेचे नाव पहिल्या पानावर रुखसाना, चौथ्यावर रुक्साना, नवव्यावर रुखसाणा. समास म्हणून सोडायची जागा कडेपर्यंत भरलेली, आणि उरलेले वाक्य उभे होऊन कागदाच्या काठाने वर चढत गेलेले. संगणकावरची प्रत असेल तर ती जुन्या फाँटमध्ये असते. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांपैकी ज्यात टाइप केले तो फाँट आमच्याकडे नसला, की अम्मीच्या मृत्यूचा प्रसंग इंग्रजी अक्षरे आणि स्वल्पविरामांच्या ढिगाऱ्यासारखा उघडतो. आता तर भ्रमणध्वनीवरून कविता येतात. दोन कडव्यांच्या मध्ये गुलाबाचे फूल, शेवटी जोडलेले हात, आणि कवीचे नाव कुठेच नाही.

एका लेखकाने पहिल्या पानाच्या माथ्यावर ७८६ लिहिले होते. श्रद्धेने लिहिले होते, आमचा त्याला आक्षेप नाही. पण अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाला तो पानाचा क्रमांक वाटला. त्याने इमानेइतबारे पुढच्या पानांवर ७८७, ७८८ असे आकडे घातले. हसू नका. त्या मुलाची चूक नव्हती. छापायच्या प्रतीवर जे जे असते ते छापायचे, हे त्याचे काम. बिस्मिल्ला मनात म्हणा, स्वतःच्या प्रतीवर लिहा. मुद्रणप्रतीवर फक्त छापायचे तेवढेच राहू द्या.

आणि हे कुणाकडून व्हावे? लेखनाच्या व्यवहारातले निम्मे शब्द ज्यांच्या घरातून मराठीत आले, त्यांच्याकडून? कागद फारसीतून आला, कलम अरबीतून आली. दौत, शाई, जिल्द, नक्कल, मजकूर हे सगळे तिकडचेच. संपादकाच्या टेबलाखाली जी साठते ती रद्दीसुद्धा ‘रद्द’मधून निघाली आहे. यातल्या एका शब्दापाशी थोडे थांबायला हवे. तो शब्द म्हणजे मसुदा. अरबीतल्या ‘मुसव्वदा’चे हे मराठी रूप. काळेपणा दाखवणाऱ्या धातूपासून तो शब्द झाला. मुसव्वदा म्हणजे काळा केलेला कागद, खाडाखोडीचा कच्चा खर्डा. त्याची जोडीदारीणही अरबी-उर्दूत आहे, ‘मुबय्यजा’. म्हणजे पांढरी केलेली, खाडाखोड काढून नव्याने उतरवलेली स्वच्छ प्रत. मराठीने मसुदा उचलला, मुबय्यजा तिकडेच राहून गेली. आमच्या लेखकांनीही नेमके तेच केले आहे. आपण मसुदा लिहितो आणि मसुदाच पाठवतो. पांढरी प्रत करायची मेहनत संपादकावर सोडतो आणि त्याने ती केली नाही की त्याला जातीयवादी म्हणतो.

ज्या समाजात मुसहफमधला एक जेर किंवा जबर इकडचा तिकडे झालेला खपत नाही, तो हा समाज आहे. खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात हजरत जैद बिन साबित (रजि.) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रमाण प्रत तयार केली, तिच्या नकला शहरोशहरी पाठवल्या गेल्या, हा इतिहास मदरशातल्या मुलालाही ठाऊक असतो. प्रत एकसारखी असली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्यांत भांडणे लागतात, हे शहाणपण आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वी सुचले होते. मराठी परंपरेकडे पाहिले तरी तेच दिसेल. शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ सतराव्या शतकातला. छापखाना नसताना तो शतके टिकला तो हाताने नकला उतरवणाऱ्यांच्या जिवावर. पोथी लिहिणारा चुकला तर त्या अक्षरावर पिवळा हरताळ फासायचा आणि वर दुरुस्त अक्षर लिहायचा. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो, पण तो मुळात मुद्रितशोधनाचा आहे हे विसरलो.

आता जग काय करते ते पाहू. इंग्लंड-अमेरिकेत कादंबरी लिहिणारा माणूस मोठ्या प्रकाशकाकडे सहसा थेट जात नाही. मध्ये साहित्यिक एजंट असतो. तो लेखकाचा वकील म्हणा ना. हस्तलिखित पसंत पडले तर तो प्रकाशकांशी बोलतो, करार करतो, आणि मिळकतीतून साधारणपणे शेकडा १५, परदेशी किंवा अनुवादाच्या हक्कांवर शेकडा २० घेतो. नुसते वाचण्याचे पैसे मागणारा एजंट तिकडे प्रतिष्ठित मानला जात नाही. पदरचे पैसे मोजून कवितासंग्रह काढणाऱ्या आपल्या कवींनी हे वाक्य दोनदा वाचावे. अशा एजंटाकडे हस्तलिखित कसे पाठवायचे याची रीत ठरलेली आहे. कागद पांढरा, एकाच बाजूला छापलेला. चारी बाजूंना इंचभर समास. अक्षर साधे, १२ पॉइंटचे, नक्षीदार नव्हे. दोन ओळींत दुप्पट अंतर. प्रत्येक पानाच्या माथ्यावर लेखकाचे आडनाव, पुस्तकाचे नाव आणि पानाचा क्रमांक. नवे प्रकरण नव्या पानावर. सोबत एक पानाचे पत्र, पान-दोन पानांचा सारांश, आणि बहुधा पहिली तीन प्रकरणे किंवा पन्नासेक पाने. संपूर्ण कादंबरी मागितल्याशिवाय पाठवायची नाही.

यातला एकही नियम हौसेने केलेला नाही. ओळींत अंतर हवे ते संपादकाच्या पेन्सिलीसाठी. माथ्यावर नाव आणि क्रमांक हवा, कारण कागद हातातून निसटतात आणि टेबलावर दहा लेखकांची पाने एकमेकांत मिसळतात. अक्षर ठराविक असले की पानांवरून शब्दांचा आणि छपाईच्या खर्चाचा अंदाज बांधता येतो. पण आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच आहे. सगळी हस्तलिखिते एकसारखी दिसू लागली की लेखक श्रीमंत की गरीब, शहरातला की खेड्यातला, हे निदान कागदावरून तरी कळत नाही. उरतात ते फक्त शब्द. जमातीच्या नमाजेआधी इमाम सांगतात, सफ सरळ करा. खांद्याला खांदा लागतो, टाचा एका रेषेत येतात, आणि मग रांगेत कोण मालक, कोण चाकर हे ओळखू येत नाही. मुद्रणप्रतीची शिस्त ही तशीच सफ आहे. ती दुबळ्याच्या फायद्याची आहे. प्रस्थापिताची ओळख असते, त्याचे चिटोरेही वाचले जाते. ज्याचे नावच वाटेत आडवे येते, त्याला खराब प्रत पाठवण्याची चैन परवडणारी नाही.

मराठीत एजंटाची रीत रुजलेली नाही. लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये असलीच तर ओळख असते, आणि नेमकी तीच आमच्याकडे कमी. म्हणजे आमच्या वतीने बोलायला दुसरे कुणी नाही. जे काही बोलायचे ते हस्तलिखितानेच बोलायचे. शिवाय मराठीतून इंग्रजीकडे जाणारी वाटही आता अनोळखी राहिलेली नाही. मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे १९८४ चे आत्मकथन जेरी पिंटो यांच्या अनुवादाने २०१६ साली इंग्रजीत गेले. आमची शिकली-सवरलेली मुले-मुली उद्या आपल्या आई-वडिलांच्या कथांचे अनुवाद करून असल्याच एजंटांकडे धाडतील. त्यांच्या हाती मूळ मराठी प्रत तरी धड असू द्या.

इथवर आम्ही आपल्याच माणसांना बोल लावला. आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण खरे भांडण पुढेच आहे.

आमच्या कथेत ‘वजू’ आला की मुद्रितशोधक त्याला अवतरणचिन्हांत बसवतो. दस्तरखान, मय्यत, इफ्तार, सगळ्यांच्या दोन्ही बाजूंना पहारेकरी उभे राहतात. त्याच कथेतल्या ओटी, तेरावा, सत्यनारायण या शब्दांना मात्र मोकळीक. म्हणजे एका घरातले शब्द घरचे आणि दुसऱ्या घरातले पाहुणे, हा निवाडा एका चिन्हाने झाला आणि आपण तो निमूट छापू दिला. मग म्हणतात, शेवटी शब्दार्थांची यादी जोडा. कुणा ग्रामीण लेखकाकडे बलुत्याचा अर्थ यादीत मागतात काय? वाचकाला संदर्भाने कळेल, अशी त्याच्या वाचकावर श्रद्धा असते. आमच्या वाचकावर ती का नसावी? इंग्रजीतल्या अनेक लेखकांनी आपल्या मायबोलीचे शब्द तिरप्या अक्षरांत छापू देणे सोडून दिले आहे. आपण मात्र अजून स्वतःच्याच हाताने आपल्या शब्दांना चिन्हांच्या बेड्या घालून पाठवतो. संपादकाचे काम सोपे करतो.

दखनीची कथा तर याहून करुण. एका मासिकाने आमच्यातल्या एका लेखकाची कथा छापली. आजी नातवाला म्हणते, “मेरेकू नक्को.” छापून आले, “मुझे नहीं चाहिए.” मराठवाड्यातली म्हातारी एका रात्रीत हिंदी सिनेमातली आई झाली. गंमत अशी, की शुद्ध करताना जो शब्द खोडला, तो ‘नक्को’ म्हणजे मराठी ‘नको’चाच सख्खा भाऊ. मराठी मासिकाने मराठीचाच शब्द परका समजून बाहेर काढला! पण आम्ही मूळ हस्तलिखित मागून पाहिले, तेव्हा आमचीही जीभ अडखळली. एका पानावर ‘नक्को’, दुसऱ्यावर ‘नको’, तिसऱ्यावर ‘नहीं होना’. एके ठिकाणी ‘मेरेकू’, तर दुसरीकडे ‘मुझे’. कुठली भाषा मुद्दाम आणि कुठली गफलत, हे परक्या मुद्रितशोधकाने कसे ओळखावे? जाब विचारायला आम्ही गेलो होतो. हातातला कागदच आमच्या विरुद्ध साक्ष देत होता.

म्हणून आम्ही म्हणतो, मुद्रणप्रत ही कारकुनी बाब नाही. आमच्या भाषेची लढाई तिथेच, त्या समासात आणि त्या स्वल्पविरामात होते. आणि ती हरण्याची आपण व्यवस्था करून ठेवली आहे.

तेव्हा काही गोष्टी आता ठरवून टाकू. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा आणि १९७२ साली आणखी चार असे लेखनाचे अठरा नियम केले. ते आपल्यालाही लागू आहेत; ‘आमची मराठी वेगळी’ या सबबीखाली निवेदनातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका खपवू नयेत. बोली संवादात शोभते, गफलत कुठेच शोभत नाही. पण आपल्या खास शब्दांचे काय करायचे ते नियम सांगत नाहीत. ते आपणच ठरवायचे. कुणी अझान लिहितो, कुणी अजान. कुणी रमझान, कुणी रमजान, कुणी नुक्ता देऊन मोकळा होतो. आमचे मत असे, की मराठीने बाजार, हजार, जमीन हे शब्द ‘ज’ने आपलेसे केले, त्याच वाटेने नमाज, अजान, रोजा, रमजान, जकात यांनीही जावे. नुक्ता मराठीच्या सवयीत नाही, त्याचा हट्ट नको. गझल मात्र ‘झ’ने रुळली आहे, तिला तशीच राहू द्यावी. कुणाचे मत वेगळे असेल तर जरूर असावे. पण एका हस्तलिखितात एकच रूप, एवढे तरी पाळावे. पैगंबरांच्या नावापुढे कुठे (स.), कुठे (सल्ल.), तर कुठे काहीच नाही, असे होऊ नये. इतरांनी आदर राखावा असे वाटत असेल, तर आधी आपण तो एका रीतीने लिहावा.

दुसरे, आपल्या शब्दांभोवतीची अवतरणचिन्हे आपणच काढावीत आणि शब्दार्थांची यादी जोडू नये. तिसरे, हस्तलिखितासोबत संपादकासाठी एक वेगळा कागद ठेवावा. त्यावर दोन-चार ओळी पुरेत: संवादांतली दखनी हेतुपूर्वक आहे, ती बदलू नये, पुढील शब्दांची रूपे अशी ठेवली आहेत. हा कागद म्हणजे आपला जामीन. तो दिल्यावरही कुणी म्हातारीच्या तोंडी हिंदी घातली, तर बोलायचा हक्क आपल्याला मिळतो. चौथे, सोबतच्या पत्रात आपले दुःख, सत्कार आणि आमदारांची शिफारस लिहू नये. नाव, पत्ता, लेखनाचा प्रकार, शब्दसंख्या, बस्स. पाचवे, प्रत युनिकोडमध्ये असावी, जोडीला पीडीएफ द्यावी, आणि एक नक्कल स्वतःजवळ ठेवावी.

यावर आक्षेप येतील, ते आम्हाला ठाऊक आहेत. कुणी म्हणेल, साहित्य काळजातून येते, इंचभर समासातून नव्हे. मान्य. पण काळीज पोचायचे कशावरून? कुणी म्हणेल, वाडीवरची एखादी बहीण मुलाच्या जुन्या वहीत रात्री चोरून लिहिते, तिला तुम्ही युनिकोड सांगता? हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्हाला टोचतो. तिच्यासाठी संगणकाची अट नकोच. सुवाच्य अक्षर, कागदाची एकच बाजू, डावीकडे चार बोटे जागा आणि पानांना क्रमांक, एवढे वहीतही जमते. पुढचे काम तिचे नाही, आपल्या संस्थांचे आहे. शालींवर आणि स्मृतिचिन्हांवर होणाऱ्या खर्चातून अशा दहा वह्यांची पांढरी प्रत सहज होईल.

आणि एक कडू घोट आपल्या अंकांनाही पाजला पाहिजे, त्यात आम्हीही आलो. ‘आपला माणूस आहे, छापून टाका’ म्हणून आपण जे जे छापले, त्याने त्या माणसाचे नुकसानच केले. त्याला वाटले, असेच चालते. मग तोच मसुदा घेऊन तो बाहेर गेला आणि तोंडघशी पडला. बाहेरचे नाव बघून नाकारतात, आपण नाव बघून स्वीकारतो. दोन्हीकडे वाचायचे राहूनच जाते. यापुढे आपल्या अंकांनी प्रतीचे नियम छापावेत, न पाळणाऱ्याला प्रत परत पाठवावी, आणि का परत केली ते दोन ओळींत कळवावे. नुसते ‘साभार परत’ लिहिण्याचा हक्क निदान आपल्याला तरी नाही.

मराठीतल्या बाकी संपादकांकडेही आमची एवढीच मागणी आहे. कसली प्रत हवी ते सांगा, किती दिवसांत उत्तर द्याल ते सांगा, आणि आमचा एखादा शब्द बदलायचा असेल तर आधी आम्हाला विचारा. आमच्याकडून स्वच्छ प्रत येईल. तिला तुम्ही नकार दिलात तरी चालेल. पण तो नकार कशाला आहे हे मग तुम्हालाही झाकता येणार नाही आणि आम्हालाही.